घरच्या मैदानावरची मॅच घरीच का दिसत नाही?

नाशिकमध्ये गंगापूर रोडला किंवा इंदिरानगरला कुठल्याही सोसायटीत विचारा, कुणाचा ना कुणाचा मुलगा अमेरिकेत सापडेलच. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर हवामान, व्हिसा आणि पोळ्या नीट फुगतात का, एवढं विचारून झालं की हल्ली एक तक्रार हमखास येते. बेसबॉलचा सीझनभराचा पास घेतला, अख्ख्या देशातल्या मॅचेस दिसतात, फक्त आमच्या गावच्या टीमची दिसत नाही. इकडे वडिलांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसतं. पण पैसे मोजूनही माल मिळाला नाही, हे कळायला खेळ कळावा लागत नाही.

कंपनी लबाड आहे म्हणून हे होतं, असं समजू नका. ही अडचण पन्नासेक वर्षं जुन्या एका धंद्यातून आली आहे. तिकडे त्याला रीजनल स्पोर्ट्स नेटवर्क म्हणतात, म्हणजे एखाद्या शहरापुरती आणि त्याच्या आजूबाजूच्या पट्ट्यापुरती चालणारी खेळांची वाहिनी. मी तिला सरळ ‘शहराची वाहिनी’ म्हणतो. अनेक वर्षं हा धंदा सोन्याची अंडी देत होता. आता त्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीने दिवाळखोरीही पाहिली आहे. हे कसं घडलं ते कळलं, की आपल्या केबलच्या बिलातल्याही बऱ्याच गोष्टी उलगडतात.

सुरुवात कुठे झाली?

१९६९ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधले सामने मॅनहॅटनमधल्या केबलवर दिसू लागले. या प्रकारातली पहिली वाहिनी म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत फिलाडेल्फिया, बॉस्टन, लॉस एंजेलिस अशी एकेका शहराची वाहिनी उभी राहत गेली.

शहरापुरती वाहिनी चालू शकते, याचं कारण सामन्यांच्या संख्येत आहे. बेसबॉलचा एक संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो. एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज संध्याकाळी मॅच. बास्केटबॉल आणि आइस हॉकीचे ८२-८२ सामने, तेही हिवाळ्यात. एक बेसबॉलचा आणि एक हॉकीचा संघ हाताशी असला की वर्षभराच्या संध्याकाळी भरल्या. शिवाय या खेळांत बहुतेक सामन्यांचे स्थानिक हक्क विकायची मुभा संघाला असते. लीग, म्हणजे सगळ्या संघांची मिळून असलेली संघटना, फक्त देशभर दाखवायचे मोजके सामने आपल्याकडे ठेवते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये याच्या बरोबर उलटं आहे. तिथे संघाला नियमित मोसमात १७ सामने, आणि टीव्हीचे हक्क लीग एकगठ्ठा विकते. अमेरिकेत सगळ्यात जास्त बघितला जाणारा खेळ तोच, पण त्याच्या जोरावर शहराची वाहिनी कुणी उभी केली नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आयपीएलपाशी लागेल.

ईएसपीएनसुद्धा शहराचीच वाहिनी होणार होती

हा किस्सा मला फार आवडतो. बिल रासमुसेन नावाचे गृहस्थ कनेक्टिकटमधल्या एका हॉकी संघाच्या प्रसिद्धीचं काम बघायचे. १९७८ मध्ये संघाने त्यांना नारळ दिला. त्यांच्या डोक्यात आलं, की राज्यातली हॉकी आणि तिथल्या विद्यापीठाच्या मॅचेस केबलवर दाखवाव्यात. बेत राज्यापुरताच होता. पण गावोगावच्या केबलवाल्यांपर्यंत सिग्नल पोचवायचा कसा? जमिनीवरून तारा ओढायचा खर्च परवडेना. म्हणून ते उपग्रहाचं भाडं विचारायला गेले. तिथे कळलं की रोज पाच तासांसाठी उपग्रह घेण्यापेक्षा चोवीस तासांसाठी घेतला तर स्वस्त पडतो. त्या काळात उपग्रहाची जागा घ्यायला गिऱ्हाइकांची झुंबड नव्हती.

चोवीस तास घेतला, आणि उपग्रहाचा सिग्नल काही राज्याच्या वेशीवर थांबत नाही. मग एकट्या कनेक्टिकटलाच का दाखवायचं? गेटी ऑइल या तेलकंपनीने पैसा घातला आणि ७ सप्टेंबर १९७९ रोजी ब्रिस्टल या छोट्या गावातून देशभराची वाहिनी सुरू झाली. भाड्याचा दरफलक वेगळा असता, तर ईएसपीएन आज एखाद्या राज्यातली जुनी वाहिनी म्हणून कुठल्या तरी तळटीपेत असती.

पैसा नेमका कुठून येत होता?

जाहिरातींतून थोडा, पण खरा पैसा केबलच्या बिलातून. केबल कंपनी प्रत्येक जोडणीमागे वाहिनीला महिन्याला ठरलेली रक्कम देते. तुम्ही ती वाहिनी लावा अगर लावू नका, ती मूळ पॅकेजमध्ये असली की तुमच्या बिलातून पैसे गेले.

सोसायटीच्या लिफ्टसारखं आहे हे. तळमजल्यावरच्या जोशीकाकू लिफ्टचं बटण कधी दाबत नाहीत, पण मेंटेनन्समधून लिफ्टचा खर्च त्याही भरतात, आणि म्हणूनच सातव्या मजल्यावाल्याला ती परवडते.

एक काल्पनिक हिशेब करू. समजा एका शहरात १० लाख घरांत केबल आहे आणि शहराच्या वाहिनीला घरामागे महिन्याला ५ डॉलर मिळतात. झाले ५० लाख डॉलर, दर महिन्याला, बिनबोभाट. आता समजा यातल्या दोन लाख घरांतच मॅच बघतात. तेवढ्याच घरांकडून तीच रक्कम काढायची, तर प्रत्येकाला २५ डॉलर पडतील. उरलेली आठ लाख घरं दर महिन्याला ४० लाख डॉलर देत होती, ते न बघण्याचे. संघांना मिळणाऱ्या हक्कांच्या भल्यामोठ्या रकमा आणि त्यातून खेळाडूंचे डोळे फिरवणारे पगार यांतला मोठा वाटा या न बघणाऱ्यांचा होता. माझ्या मते हा सगळा इतिहास त्यांचाच आहे.

न बघणाऱ्यांनी का म्हणून भरायचे?

हा प्रश्न तिथेही विचारला गेला, आणि तो जोरात विचारला केबल कंपन्यांनी. २००२ मध्ये न्यूयॉर्क यँकीज या बलाढ्य बेसबॉल संघाने ‘येस’ नावाची स्वतःची वाहिनी काढली. तिचं म्हणणं, आम्हाला सगळ्यांच्या मूळ पॅकेजमध्ये घाला. केबलव्हिजन कंपनीचं म्हणणं, ज्याला हवी त्याने वेगळे पैसे भरून घ्यावी. दोघंही हटेनात. त्यात त्या कंपनीच्या जवळपास ३० लाख ग्राहकांचा २००२ चा अख्खा मोसम गेला. समेट झाला तो २००३ च्या मार्चमध्ये.

लॉस एंजेलिसला तर याच्याही वरताण झाली. डॉजर्स संघाने २०१४ पासून २५ वर्षांचा, ८३५ कोटी डॉलरचा करार टाइम वॉर्नर केबलशी केला. एवढा पैसा वसूल करायचा, तर बाकीच्या केबल आणि डिश कंपन्यांनीही ती वाहिनी महागात घ्यायला हवी होती. त्यांनी घेतली नाही. शहरातल्या निम्म्याहून जास्त घरांत आपल्याच संघाचे सामने दिसेनात. हे काही महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं. मोठ्या डिश कंपनीशी करार व्हायला एप्रिल २०२० उजाडलं. मधल्या काळात व्हिन स्कली हे १९५० पासून डॉजर्सचं समालोचन करणारे गृहस्थ २०१६ मध्ये निवृत्तही झाले. तीन पिढ्यांनी ज्यांचा आवाज ऐकला, त्यांचे शेवटचे मोसम त्यांच्याच शहराला धड बघायला मिळाले नाहीत. लोभाचा हा प्रकार मला अक्षम्य वाटतो, मग कायद्याने तो कितीही बरोबर असो.

मग त्या मुलाच्या पासचं काय?

शहराच्या वाहिनीने संघाला एवढे पैसे मोजले ते एका अटीवर: आमच्या पट्ट्यात हे सामने दुसरं कुणी दाखवायचे नाहीत. देशभराचा इंटरनेट पास मात्र लीगचा. त्या पासवर स्थानिक संघाची मॅच दिसू लागली, तर वाहिनी घेईल कोण? म्हणून पास घेणारा ज्या पट्ट्यात राहतो, तिथल्या संघाचे सामने त्याच्या पासवर बंद ठेवतात. याला ब्लॅकआउट म्हणतात. तुम्ही दूर राहत असाल तर मॅच दिसते, आणि स्टेडियमच्या शेजारी राहत असाल तर दिसत नाही, हा उफराटा न्याय त्यातून आला.

आयोवा राज्याचं उदाहरण तर हसावं की रडावं असं. त्या राज्यात बेसबॉलचा एकही मोठा संघ नाही. पण शेजारच्या राज्यांतल्या सहा संघांनी ते आपापल्या पट्ट्यात धरलं, त्यामुळे तिथल्या माणसाला पासवर सहाच्या सहा संघ बंद.

तेव्हा अमेरिकेतल्या मुलाला सांगा: पास घेण्याआधी लीगच्या साइटवर आपला पिनकोड टाकून बघ, तिथे कोणते संघ बंद आहेत ते लगेच कळतं. काही संघांचे सामने आता लीग स्वतःच दाखवते, उदाहरणार्थ सॅन दिएगोचा पाद्रेज. त्यांच्यासाठी स्थानिक पास वेगळा मिळतो आणि त्यावर ब्लॅकआउट नसतो. देशभराचा पास आणि हा पास, दोन्ही निराळे.

डोलारा कोसळला कसा?

तळमजल्यावाले निघून गेले. नेटफ्लिक्स आलं, इतर अ‍ॅप्स आली, आणि ज्यांना खेळाशी देणंघेणं नव्हतं त्यांनी केबल तोडायला सुरुवात केली. मागे राहिले मॅच बघणारे. जोडण्या दरवर्षी घटत होत्या आणि संघांना द्यायच्या रकमा मात्र करारानुसार दरवर्षी वाढत होत्या.

नेमका हाच मुहूर्त साधून एक मोठा सौदा झाला, आणि त्याचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. मार्च २०१९ मध्ये डिस्नीने फॉक्स कंपनीचा बराचसा कारभार ७,१३० कोटी डॉलरना घेतला. त्यात आपल्याकडचं स्टार इंडिया, म्हणजे स्टार प्रवाहपासून स्टार स्पोर्ट्सपर्यंत सगळं, डिस्नीकडे गेलं. अमेरिकेत मात्र ईएसपीएन आधीच डिस्नीकडे होती. तिच्या जोडीला फॉक्सच्या शहरोशहरीच्या वाहिन्याही दिल्या तर स्पर्धाच उरणार नाही, म्हणून सरकारने त्या २२ वाहिन्या विकायला लावल्या. त्यातली येस वेगळी विकली गेली. उरलेल्या २१ सिंक्लेअर या कंपनीने सुमारे ९६० कोटी डॉलरना घेतल्या, आणि त्यासाठी ८०० कोटींहून जास्त कर्ज काढलं.

लोक केबल तोडत असताना कर्ज काढून केबलच्या वाहिन्या घ्यायच्या, याला धाडस म्हणायचं की काय, तुम्हीच ठरवा. त्यात काही महिन्यांत करोना आला आणि सामनेच बंद पडले. २०२१ मध्ये बॅली या जुगार कंपनीचं नाव वाहिन्यांना दिलं, तेवढ्याने भागेना. फेब्रुवारी २०२३ मध्ये १४ कोटी डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकला आणि १४ मार्चला या वाहिन्या चालवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्सने टेक्सासच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दिला. तेव्हा तिच्याकडे ४२ संघांचे हक्क होते. मे महिन्यात पाद्रेजचे पैसे थकले आणि ३१ मेपासून लीगने त्या संघाचं प्रक्षेपण आपल्या हाती घेतलं. कंपनी जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीतून बाहेर पडली, पण संघ बरेच कमी झाले होते आणि वाहिन्यांना आता आणखी एका सट्टेबाजीच्या कंपनीचं नाव होतं.

सरळ अ‍ॅप काढायचं ना!

काढलं. २०२२ मध्ये महिन्याला २० डॉलरला एका सेंटने कमी, असा दर ठेवून काढलं. वरचा हिशेब आठवा, म्हणजे हा दर एवढा का ते कळेल. अ‍ॅप घेणार फक्त बघणारा, त्यामुळे न बघणाऱ्याचा वाटाही त्याच्याच डोक्यावर. शिवाय मोसम संपला की तो लगेच बंद करतो. केबल तोडायला फोन करा, डबा परत द्या, अशी कटकट होती. अ‍ॅपला एक बटण पुरतं.

म्हणून काही संघ उलट्या दिशेने गेले, थेट अँटेनाकडे. २०२३ मध्ये फिनिक्स सन्स या बास्केटबॉल संघाने आपले सामने फुकट दिसणाऱ्या स्थानिक टीव्ही केंद्रांवर आणले आणि चाहत्यांना अँटेनाही मोफत वाटले. हक्कांचा पैसा कमी, पण मॅच घराघरांत. आपल्याकडे गच्चीवरचे अँटेना भंगारात गेले, तिकडे संघच ते वाटतायत!

आपल्याकडे प्रादेशिक वाहिन्या आहेतच की

आहेत, पण त्या भाषेच्या आहेत, शहराच्या नाहीत. स्टारने २०१७ मध्ये तमिळ क्रीडावाहिनी काढली, पुढे तेलुगू आणि कन्नड आल्या. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठीसह बारा भाषांत समालोचन होतं. केदार जाधव तिथे मराठीत समालोचन करत होता आणि १ मेला बंगळुरूच्या संघाने त्यालाच खेळायला बोलावलं. माइक खाली ठेवून माणूस बॅट घ्यायला गेला. मॅच मात्र सगळ्या भाषांत तीच असते. चित्र एक, आवाज बारा.

चेन्नईची किंवा मुंबईची स्वतःची क्रिकेटवाहिनी का नाही? आयपीएलच्या साखळीत संघाला मिळतात १४ सामने. त्यावर वर्षभराची वाहिनी चालत नाही. आणि ते सामने विकायचा हक्कही संघाचा नाही, तो क्रिकेट मंडळाचा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे हक्क मंडळाने ४८,३९० कोटी रुपयांना विकले आणि संघांना त्यात वाटा मिळतो. अमेरिकन फुटबॉलचाच हा नमुना.

न बघणाऱ्याचा पैसा मात्र आपल्याकडेही आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायचा, म्हणजे केबल-टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा, नियम आला, हवी तीच वाहिनी निवडा आणि तिचेच पैसे द्या. आठवतं का, केबलवाला चार पानी छापील यादी घेऊन दारात उभा, आणि आपण चष्मा शोधत खुणा करतोय? फुकट दिसणाऱ्या शंभर वाहिन्यांचे कराधरून १५३ रुपये ४० पैसे, वर स्टार स्पोर्ट्सच्या मुख्य वाहिनीचे १९ रुपये, असं करत गेलं की बेरीज आधीच्या बिलाच्या वर. मग केबलवालाच म्हणाला, काकू, पॅक घ्या, स्वस्त पडेल. पॅकमध्ये मालिकांबरोबर क्रिकेटही आलं. आजीच्या मालिकांच्या पैशांतून नातवाची मॅच. १९ रुपयांचा आकडाही उगाच नव्हता. त्याहून महाग वाहिनी पॅकमध्ये घालता येत नाही, असा नियम होता.

फरक आहे तो रकमेचा. अमेरिकेत शहराची एक वाहिनी घरामागे काही डॉलर घ्यायची. आपला १९ रुपयांचा प्रसंग त्यामानाने सौम्य, आणि भारताचे मोठे सामने २००७ च्या कायद्यामुळे दूरदर्शनलाही द्यावे लागतात. त्यामुळे लॉस एंजेलिससारखं शहरच्या शहर कोरडं राहायची पाळी इथे सहसा येत नाही.

आणि नाशिकची मॅच?

ती मात्र दोन्हीकडून सुटते. गोल्फ क्लबच्या, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि बडोदा यांच्यात रणजी सामना झाला. रणजीचे हक्कही मंडळाचेच, आणि प्रत्येक फेरीतले मोजकेच सामने कॅमेऱ्यासमोर येतात, कारण चार दिवस कॅमेरे, माणसं आणि प्रक्षेपणाची गाडी उभी करायचा खर्च निघायला हवा. महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२३ पासून ईगल नाशिक टायटन्स हा संघ आहे. पण पहिल्या मोसमात नाशिकचा संघ खेळला तो पुण्याजवळच्या गहुंज्याला. शहराच्या वाहिनीला लागणारं एकही भांडवल इथे नाही: ना शंभर-दीडशे सामने, ना विकायचा हक्क, ना लाखो घरांचं सक्तीचं बिल.

त्याची जागा यूट्यूबने घेतली आहे. सिडकोतल्या किंवा पंचवटीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेला जा. मांडवाखाली टेबलावर लॅपटॉप, एक सीमारेषेजवळ आणि एक स्क्रीनच्या बाजूला असे दोन कॅमेरे, आणि ज्याचा आवाज बसत नाही असा एक समालोचक. पडद्यावर धावफलक, खाली बिल्डर, ज्वेलर्स आणि मिसळवाल्यांच्या पट्ट्या. कबड्डीचे सामने आणि कुस्तीच्या दंगलीही अशाच दिसतात. बघणारा एक पैसा देत नाही.

पैसा इथे उलटा वाहतो. अमेरिकेत वाहिनी संघाला पैसे देते. इथे स्पर्धेचे आयोजक लाइव्ह करणाऱ्याला दिवसाप्रमाणे मोजतात आणि ते पट्ट्यांच्या प्रायोजकांकडून वसूल करतात. नव्वदीच्या सुरुवातीला भारताच्या मोठ्या क्रिकेटचंही असंच होतं. मॅच दाखवायची तर दूरदर्शनच मंडळाकडे पैसे मागायचं. १९९३ च्या हीरो कपवरून ते भांडण न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल दिला. त्यानंतर खासगी वाहिन्या बोली लावायला आल्या आणि मंडळ देणाऱ्याचं घेणारं झालं. सिडकोच्या मैदानावर अजून बोली लावणारं कुणी आलेलं नाही. लॅपटॉपवाल्याचं दिवसाचं बिल सध्या तरी मिसळवालाच भरतोय.